मोठ्या मायची लाळ मोजली तेव्हा

अन्याय झाला तो माझ्या मोठ्या मायवर. मागच्या पौषात, बुधवारी, बाजाराच्या दिवशी, दुपारी सव्वाबारा वाजता. ठिकाण तालुक्याच्या गावातला एक खासगी दवाखाना. साक्षीला बाहेरच्या बाकावर बसलेल्या आमच्याच गावच्या चार बाया. डॉक्टरांनी मोठ्या मायच्या तोंडात बॅटरी मारली, जीभ बाहेर काढायला लावली, आणि मान वर न करता, बाकापर्यंत नीट पोहोचेल अशा आवाजात सांगितलं, "तोंड पार कोरडं आहे. बाई, खर्रा बंद करा."

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आणि आमच्या गावातल्या खर्राबंदी समितीची अध्यक्ष.

खर्रा म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्यांत सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोट-घोट घोटायचा आणि गालात धरायचा. लग्नात खर्रा, मयतात खर्रा, ग्रामसभेत तर आधी खर्रा आणि उरलेल्या वेळात सभा. या बाईनं आमच्या पानठेल्यासमोर चटई टाकून, बौद्ध वस्तीतल्या आणि जंगलाकडच्या टोल्यावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, बाया सोबत घेऊन, शाळेच्या वेळात खर्रा विकणं बंद करवलं होतं. तिलाच सांगितलं, खर्रा बंद करा. मीठ विकणाऱ्याला मीठचोर म्हटलं असतं तरी त्यात काही हिशेब होता.

त्या डॉक्टरांनी तिला एक प्रश्न विचारला असता, "खर्रा खाता का?" तेवढा. नाही विचारला. या भागातली बाई आहे, तोंड कोरडं आहे, झालं निदान. फी मात्र पूर्ण घेतली.

मोठी माय ऑटोनं गावात पोहोचायच्या आधी बातमी पोहोचली होती. आमच्याकडे मोबाइलला रेंज नसते, बातमीला असते. शेजारणी आपसात म्हणाल्या, "तरीच म्हटलं, बाई भाषण देता देता घोट घोट पाणी काऊन पिऊन राह्यली." पानठेलेवाल्यानं तर त्याच संध्याकाळी एक खर्रा घोटून वेगळा बाजूला ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला, "हा अध्यक्षीणबाईचा. उधार नाई, भेट हाय."

मी चंद्रपूरला राहते. पत्रकं लिहिते, वाटते, चौकात उभी राहून घसा बसेस्तोवर बोलते. त्या शनिवारी घरी गेले तेव्हा माझ्या कानावर हे सगळं पडलं. मी लगेच निषेधाचा मसुदा करायला बसले. मोठा बाबा, म्हणजे मोठ्या मायचा नवरा, शांतपणे गालातला खर्रा या बाजूचा त्या बाजूला करत म्हणाला, "निषेध कर, पन त्याच्यानं तिचं तोंड ओलं होणार हाय का?"

हो, मोठा बाबा खर्रा खातो. समितीच्या अध्यक्षांच्या घरात, अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत. समितीच्या प्रत्येक बैठकीत हा विषय निघतो आणि मोठी माय दर वेळी एकच उत्तर देते, "बाहेरचं गाव आधी सुधरवू. घरचं कठीण हाय, ते शेवटी." मोठ्या बाबाला आजवर कोणी सभ्य माणसानं हटकलेलं नाही. बाकावरच्या बायांनीही नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रविवारी सकाळी विहारात वंदना असते आणि ती मोठी माय सुरू करते. ती पुढे म्हणते, मागे सगळे म्हणतात. मी लहानपणापासून तिच्या आवाजामागे चालत आले आहे. गेल्या काही महिन्यांपासून मात्र त्रिशरण संपता संपता तिची जीभ टाळूला चिकटायची. ती थांबायची, लोक थांबायचे, कोणीतरी खोकायचं, मग ती पुढे जायची. त्या रविवारी ती गेलीच नाही. चुलीसमोर बसून राहिली.

"मोठी माय, चल न," मी म्हटलं.

"नाई."

"काऊन?"

"ज्या तोंडानं मी लोकायले शील सांगते, त्याच तोंडाकडे पाहून लोकं हसून राह्यले. मी म्हणन अन् मागून कोनी म्हणनच नाई, त का करू?" तिनं तांब्यातून एक घोट घेतला. "तूच जा. तुले येते सगळं पाठ."

मला पाठ होतं. पण मी गेले नाही. त्या दिवशी विहारात दुसऱ्याच एका बाईनं वंदना घेतली, असं कळलं. आवाज बरा होता म्हणे. मोठ्या मायनं ते ऐकलं आणि चुलीत आणखी एक लाकूड सारलं. 

मग मी निषेधाचा मसुदा बाजूला ठेवला, रेंज मिळते त्या फाट्यावर गेले आणि चंद्रपूरच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईला फोन लावला. आमच्या एका शिबिरात ती तपासणीला आली होती. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. मी तावातावानं सगळं सांगितलं. तिनं मधेच थांबवलं. "लाळ मोजली का त्यांनी?"

"लाळ मोजतात?"

"मोजतात. सोपं आहे. उद्या सकाळी घेऊन ये. येण्याआधी निदान दीड तास काही खायचं नाही, प्यायचं नाही, चघळायचं नाही, दातसुद्धा घासायचे नाहीत."

हे सगळं मी घरात जसंच्या तसं सांगितलं. मोठ्या बाबानं ते गावात नेलं. आणि गावात गेल्यावर त्याचं जे व्हायचं ते झालं. पथ्य मागे राहिलं आणि एवढंच पुढे गेलं, "उद्या चंद्रपूरले तिचा थुका मोजणार हायेत. भरला त ती खरी."

म्हणजे परीक्षा. आणि परीक्षेला आपल्याकडे कोणी रिकाम्या तोंडानं पाठवत नाही.

सोमवारी सकाळी मी, मोठी माय आणि मोठा बाबा फाट्यावर पोहोचलो, तर समितीच्या निम्म्या बाया हजर. आलापल्लीकडून येणारी बस आली, तसा लोहखनिजाच्या ट्रकांच्या धुळीतून मी ओढणी खिडकीतून आत टाकून जागा धरायला धावले. मागे काय चाललंय ते मला दिसलं नाही. ते मला नंतर, फार वाईट वेळी कळलं. टोल्यावरची मोठ्या मायची जुनी मैत्रीण तिथे होती. दर हिवाळ्यात ती जंगलातून आवळे आणते, उकडते, मीठ लावून छतावर वाळवते. तिनं वाळलेल्या आवळ्याची एक काळीकुळकुळीत फोड मोठ्या मायच्या हातात दिली आणि म्हणाली, "गालात धर. चावू नोको, गिळू नोको. आमी डोंगर चढताना हेच करतो, तोंडाले धार लागते. पास हून ये, बाई."

मोठ्या मायनं ती गालात धरली. गोंडपिपरी गेली, कोठारी गेलं, बल्लारपूर गेलं. ती खिडकीबाहेर पाहत गप्प बसली होती. मला वाटलं, बिचारी घाबरली आहे. मी तिचा हात धरून बसले. ती आवळा सांभाळत होती.

डॉक्टरीणबाईनं तिला खुर्चीत बसवलं. "मावशी, सकाळपासून काही खाल्लं?"

मोठ्या मायनं मान हलवली. नाही.

"पाणी?"

नाही. आणि तेही खरं होतं. तिच्या मते खाणं म्हणजे भात आणि पिणं म्हणजे चहा. आवळा यातलं काहीच नव्हता, तो मैत्रिणीचा आशीर्वाद होता.

डॉक्टरीणबाईनं रेषा आखलेली एक काचेची नळी काढली, वर छोटी चाडी, म्हणजे नरसाळं, बसवली. समजावून सांगितलं की एकदा गिळून घ्यायचं, मग मान थोडी खाली, ओठ किंचित उघडे. थुंकायचं नाही, गिळायचं नाही, बोलायचं नाही. लाळ जशी जमेल तशी आपोआप चाडीत पडू द्यायची. पंधरा मिनिटं.

मोठी माय मोठ्या बाबाकडे बोट दाखवत, ओठ मिटूनच, कसंबसं बोलली, "यायले बाहेर पाठवा."

"कशाला?"

"जलमभर हे माह्यासमोर थुंकून राह्यले. मी कधी त्यायच्यासमोर थुंकली नाई. आता कायले सुरू करू."

मोठा बाबा बाहेर गेला. दार लागलं. मोठ्या मायनं मान खाली घातली आणि लाळ पडायला लागली. पडायला लागली म्हणजे काय, वाहायला लागली. मी मनात म्हटलं, चला, तोंड काही इतकं कोरडं नाही. आणि मग मला रंग दिसला.

तपकिरी.

नळीत रेषेमागून रेषा तपकिरी पाणी चढत होतं. डॉक्टरीणबाईनं ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग फार हळू आवाजात, दार लागलेलं असूनही अगदी हळू, ती म्हणाली, "मावशी, खरं सांगा. मी कोणाला सांगणार नाही. काही ठेवलंय का गालात?"

खोटं का बोलू, मीसुद्धा तिच्या गालाकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर पानठेला आला, तो बाजूला ठेवलेला खर्रा आला, मी आजवर लिहिलेली सगळी पत्रकं आली.

मोठ्या मायनं नळी सावकाश टेबलावर ठेवली. दोन बोटं गालात घातली. आतून ती काळी, चोखून गुळगुळीत झालेली फोड काढली आणि डॉक्टरीणबाईच्या समोरच्या स्टीलच्या तबकात ठेवली.

"हा घ्या तुमचा खर्रा," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईनं वाकून वास घेतला. मग ती खुर्चीत बसली आणि हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मोठ्या मायला ते आवडलं नाही. "हसून नोको राहू. सारं गाव मागे लागलं व्हतं. पास हून ये म्हणे."

"मावशी, यात पास व्हायचं नसतं," ती डोळे पुसत म्हणाली. "आंबट तोंडात धरलं की कोणाच्याही तोंडाला पाणी सुटतं. मला तुमचं तोंड नुसतं बसलेलं असताना कसं असतं ते पाहायचंय."

"म्हणजे नापास व्हायले मी एवढी दूर आली का?"

"असाल तर हो."

मोठ्या मायनं यावर विचार केला. हे तिला पटलं नाही, पण डॉक्टरीणबाई खोटं बोलत नाही हे पटलं. तिनं चूळ भरली आणि आम्ही बाहेरच्या बाकावर पुन्हा दीड तास बसलो. डॉक्टरीणबाईनं आम्हाला बाहेर पाठवताना सांगितलं होतं की खाण्याचं नावही काढू नका, नुसत्या विचारानंही पाणी सुटतं. हे मोठ्या बाबाला सांगायला नको होतं. पाच मिनिटांनी तो छताकडे पाहत म्हणाला, "जाताना स्टँडवर आलुबोंडे घेऊ. संगं चिंचेची चटणी देते तो."

"चूप बसा," मोठी माय म्हणाली.

"मी काई बोललो नाई. चटणी देते एवढंच सांगतलं."

"तुमच्या तोंडाले नळ लावला हाय, म्हणून माह्या तोंडाची मजा वाटून राह्यली तुमाले."

तो हसला. तीही थोडी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

मग दुसऱ्यांदा नळी. खाली रस्त्यावर ऑटो ओरडत होते आणि वर पंखा फिरत होता. मोठी माय मान खाली घालून बसली, जशी ती विहारात बसते तशीच. ओठाशी एक थेंब जमला. पडेल पडेल म्हणताना पडेना. चाडीच्या कडेला एक बारीक चकाकणारी तार लागली आणि तिथेच वाळली. मी त्या नळीकडे पाहत होते आणि मला कळत होतं की ही बाई रोज भाताचा घास पाण्याबरोबर ढकलते, वांग्याच्या भाजीनंही तिचं तोंड चरचरतं, रात्री उठून तांब्याला तोंड लावते, आणि यातलं काहीही तिनं तक्रार म्हणून सांगितलेलं नाही. ज्या तोंडात इतकंच पाणी आहे, त्या तोंडानं ती चाळीस माणसांना मागे घेऊन वंदना म्हणत होती.

वेळ संपली. डॉक्टरीणबाईनं नळी खिडकीच्या उजेडात धरली. तळाला नुसता फेस. "पंधरा मिनिटांत दीड मिलिलिटरच्या खाली असेल तर तोंड खरंच कोरडं," ती म्हणाली. "इथे त्याच्या निम्मंही नाही."

"नापास?" मोठ्या मायनं विचारलं.

"पार नापास."

मोठ्या मायच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी तिच्या नातवाच्या दहावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

मग मेणाचा एक तुकडा चघळायला देऊन पुन्हा मोजलं, तेव्हा पाणी थोडं जास्त आलं. म्हणजे लाळेच्या ग्रंथी मेलेल्या नाहीत, सुस्तावल्या आहेत. तोंडात पाहिलं तर खर्र्याची एक खूण नाही. तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली, तीनही आरामात गेली. खर्रा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू आवळत जातं, तीन बोटं जात नाहीत. मग तिनं तो प्रश्न विचारला जो बुधवारी सव्वाबारा वाजता विचारायला हवा होता. "मावशी, गोळ्या कोणत्या घेता?"

"खाजेची," मोठी माय म्हणाली. "धानाच्या रोवणीपासून हातापायाले खाज सुटली. दुकानातून आणते. रोज रात्री एक. झोप चांगली लागते तिच्यानं."

ती गोळी. तिच्यानं खाज थांबते, झोप येते आणि तोंडही वाळतं. डॉक्टरीणबाई म्हणाली, बहुतेक हीच, पण खात्री करू. गोळी बंद, खाजेवर लावायला मलम, साखरेची तपासणी, आणि काही आठवड्यांनी पुन्हा नळी.

आम्ही उठलो. तेवढ्यात डॉक्टरीणबाई दाराशी उभ्या असलेल्या मोठ्या बाबाला म्हणाली, "काका, आता तुम्ही. तीन बोटं."

मोठा बाबा हसतच पुढे आला. त्यानं तीन बोटं उभी धरली. दोन गेली. तिसरं दाताशी अडलं. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा अडलं.

"माही बोटं जाड हायेत," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. डॉक्टरीणबाईनं त्याला तिथेच बसवलं, गाल आतून दाबून पाहिले आणि गुरुवारी परत बोलावलं, एकट्याला नाही, घरच्यांना घेऊन. बसमध्ये तो खिशात हात घालून बसला होता. खिशात पन्नी होती, हे मला माहीत होतं. ती त्यानं गाव येईपर्यंत बाहेर काढली नाही. मोठी माय त्याच्याकडे न पाहता त्याच्या शेजारी बसली आणि तिनं पूर्ण रस्ता एक शब्द काढला नाही. या वेळी तिच्या गालात आवळा नव्हता.

पुढच्या रविवारी ती विहारात गेली. सोबत पाण्याचा तांब्या घेऊन, पदराखाली न लपवता. बसायच्या आधी उभी राहून म्हणाली, "माहा थुका मोजला. कमी हाय. खर्र्यानं नाई, गोळीनं. मी मधातच पाणी पीन, तुमी थांबसान." मागून तिच्या मैत्रिणीचा आवाज आला, "आवळ्याचं पन सांग न, बाई." विहारात हशा पिकला. मोठी मायही हसली, एक घोट घेतला आणि सुरू झाली. ती थांबली तिथे सगळे थांबले. कोणी खोकलं नाही.

गोळी बंद होऊन आता बरेच दिवस झाले. परवा पुन्हा नळी धरली तेव्हा पाणी पहिल्यापेक्षा वर चढलं होतं. पूर्ण नाही, पण चढलं. मोठा बाबा गुरुवारचे गुरुवार तोंडाच्या उपचाराला जातो आहे, कुरकुरत, पण जातो आहे.

मी त्या पहिल्या डॉक्टरांकडेही गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "अहो, इथे सगळेच खातात. मला वाटलं." चूक मान्य केली, मी तेही सांगते. फक्त ती त्यांनी दार लावून, हळू आवाजात मान्य केली. आरोप बाकापर्यंत पोहोचला होता. माफी टेबलापर्यंतच आली.

म्हणून आता तुम्हाला सांगते, हे वाचणाऱ्याला. तुमच्याही घरात घोट घोट पाणी पिणारी, घास पाण्यानं ढकलणारी एखादी बाई असेल. ती काय चघळते ते विचारू नका. आधी ती कोणती गोळी घेते ते विचारा, आणि तिची लाळ मोजून घ्या. एक नळी लागते आणि पाव तास लागतो. त्याआधी तुम्ही तिला काही बोलून बसला असाल, तर ते ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर, तितक्याच मोठ्यानं मागे घ्या. आणि तपासणीला न्याल तेव्हा वाटेत तिच्या हातात आवळा देऊ नका.